घरटी एक फळी

'वर्गणी' हा शब्द मी पहिल्यांदा भोरात ऐकला, आणि तोही एका बाकड्यापायी. तेव्हा भोर संस्थान होतं. गावातल्या एका आळीतल्या वकील, कारकून, मास्तर मंडळींनी मिळून वर्तमानपत्रं वाचायची खोली काढली होती आणि तिथं बसायला लाकडी बाकडं हवं होतं. मी सुतार. माप घ्यायला गेलो, तर माप कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बाकड्याला पाठ असावी की नसावी यावर अजून सभा चालली होती. पाठ असली तर माणसं झोपतात, असं एका पक्षाचं म्हणणं. नसली तर म्हातारी माणसं येणारच नाहीत, असं दुसऱ्याचं. "सगळ्यांची वर्गणी आहे मिस्त्री, तेव्हा सगळ्यांचं मत घ्यायला हवं," असं चिटणिसांनी मला समजावून सांगितलं. शेवटी मी अर्ध्या बाकड्याला पाठ केली आणि अर्ध्याला केली नाही. दोन्ही पक्ष खूश झाले आणि मलाही वर्गणी म्हणजे काय ते कळलं.

आमच्या खोऱ्यात मात्र वर्गणी कुणी म्हणत नसे. देवळाला, जत्रेला घरटी, म्हणजे दर घरामागं, काही काढायचं, तिला पट्टी म्हणत. तुझा एक बैल आणि माझा एक बैल मिळून नांगर जुंपायचा, आज तुझं रान आणि उद्या माझं, ती सावड. आणि एखाद्याचं काम एकट्यानं उरकेना, तर सगळ्या गावानं एक दिवस त्याच्या रानात उतरायचं, त्यानं फक्त पोटभर जेवू घालायचं, ती इर्जिक. पट्टीत वस्तू जाते, सावडीत फेड असते, इर्जिकीत घाम जातो. शहरातल्या माणसाला हे सगळं एकच वाटेल. मलाही तसंच वाटायचं, एक होडी बांधीपर्यंत.

होडीकडं वळण्याआधी डोलीचं सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीनं मला डोली करायला बोलावलं. आजारी माणूस डोंगरावरून खाली विंझरपर्यंत आणायचा, मग पुढं बैलगाडी. कुणी बांबू दिला, कुणी सुंभ दिलं, कुणी खाली अंथरायला घोंगडं. डोली झाली झकास. पण तिच्यात पहिल्यांदा बसायचं कुणी? जो पहिला बसेल तो आजारी पडणार, अशी सगळ्यांची खात्री. एक म्हातारा खरोखरच तापानं फणफणला होता, तोही म्हणाला, "म्या चालत जातो, पर त्यात बसायचो न्हाई." आणि गेला की चालत! शेवटी वेल्ह्याच्या बाजारातून गुळाची एक ढेप आणली, तिला हळदकुंकू लावून डोलीत बसवली आणि चौघांनी खांद्यावरून वस्तीला फिरवून आणली. अपशकुन ढेपेला लागला आणि ढेप आम्ही खाऊन टाकली. त्यानंतर डोली बिनघोर चालू झाली. सगळ्यांनी मिळून केलेल्या वस्तूचं असं असतं. ती नुसती तयार होऊन भागत नाही, ती सगळ्यांची व्हावी लागते.

आता होडी. डोंगरातल्या सुताराला होडी कुठून येणार, असं वाचणाऱ्याला वाटेल. सुतार म्हणजे नांगर, कुळव, चौकट, पाळणा. आमच्या बापजाद्यांनी पाण्यात पोहण्यापलीकडं काही केलं नव्हतं. पण आमच्या खाली नवं मोठं धरण झालं आणि पाणी खोऱ्यात आत आत शिरत आलं. धरणाच्या कामावर सामान वाहायला होड्या होत्या. त्यांची डागडुजी करायला कोकणातला एक म्हातारा मिस्त्री आलेला होता, त्याच्या हाताखाली मी काम केलं. बोलायचा कमी आणि खाकरायचा फार. त्यानं मला एकच वाक्य पढवलं: होडी म्हणजे उलटं छप्पर. छपराचं काम पाणी आत येऊ न देणं, होडीचंही तेच. लाकडाच्या बरगड्या उभ्या करायच्या, त्यांना बाहेरून फळ्या ठोकायच्या, दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकून बसवायची आणि वरून राळेचं आणि तेलाचं लुकण भरायचं. मग होडी ठोकळ्यांवर चढवून तिच्यात घागरींनी पाणी ओतायचं. हे ऐकून लोक हसतात, पण परीक्षा अशीच असते. आतलं पाणी बाहेर आलं नाही तर बाहेरचं आत येणार नाही.

ज्या वाडीची ही गोष्ट आहे तिचं नाव सांगत नाही, कारण माणसं लगेच ओळखू येतील आणि त्यांची नातवंडं अजून माझ्याशी बोलतात. धरणाचं पाणी चढलं तशी ही वाडी खालून उठून वर उतारावर आली. घरं या तीरावर आली, पण चांगली भाताची खाचरं राहिली पलीकडच्या तीरावर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मधून पायी जाता यायचं. पाऊस लागून धरण भरू लागलं की मध्ये नुसतं पाणी. वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस वाटेतच जाणार. आणि भाताची लावणी असते नेमकी पाणी चढायच्या वेळेला. लोक पांगाऱ्याच्या ओंडक्यांचा तराफा करून जायचे, पण तराफ्यावरून माणूस एक वेळ पोचतो, रोपं पोचत नाहीत. भिजलेली रोपं घसरली की गेली वाहून. एक-दोन घरांनी पलीकडची शेती सोडून मुंबईची वाट धरली होती.

त्या गावचे पाटील भले माणूस होते. त्यांची जमीन सगळी अलीकडं, त्यांना होडीची तशी गरज नव्हती. तरी त्यांनी आपण होऊन सांगितलं, की मी माझ्या खर्चानं वाडीला होडी करून देतो. पाटलांना द्यायला फार आवडायचं. दिलेलं सांगायलाही तितकंच आवडायचं. कुणाला एकदा लग्नाला बैलगाडी दिली, तर त्या नवरा-बायकोला नातवंडं झाली तरी पाटील म्हणायचे, "माझ्या गाडीतून वरात गेली हो याची!"

वाडीचा कारभारी होता धोंडूबा. वयानं सत्तरीकडं झुकलेला, तोंडात दात थोडे पण शब्द भरपूर. त्यानं मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवलं आणि मलाही बोलावून घेतलं. तो म्हणाला, "पाटील देत्यात तर दिऊ द्या की, असं म्हणशीला. पर पाटलाच्या होडीत बसायचं म्हंजी पाटलाला सवड कवा हाय त्ये आदी बघायचं. वर जलमभर ऐकून घ्यायचं. आपन आपली पट्टी काढू. घरटी एक फळी. कुनाची जास्त न्हाई, कुनाची कमी न्हाई. ज्याची फळी त्याची खेप. लावनीच्या दिसात आदी फळीवाल्यांची रोपं पल्याड जातील, बिनफळीचा सगळ्यांच्या मागनं."

मला वाटलं, फळ्या एका झाडाच्या करतील. पण नाही. प्रत्येकाला आपल्या बांधावरच्या लाकडाची फळी हवी होती. दुसऱ्याच्या झाडाची फळी घेतली तर त्याच्या उपकारात आलो, मग पट्टी कसली? मी हात जोडून सांगून पाहिलं. म्हटलं, "धोंडूबा, आंबा, ऐन, जांभूळ, शिवण, हिरडा हे एका होडीत नांदायचे नाहीत. प्रत्येक लाकूड पाणी पितं ते आपापल्या तहानेनं. एक फुगेल, दुसरं फुगणार नाही, सांधे उलतील."

धोंडूबा म्हणाला, "सुतारा, मानसं नांदत्यात की एका वाडीत. मग लाकडं का न्हाई नांदायची?"

यावर पारावर बसलेले सगळे माना हलवू लागले. अशा माना हलल्या की सुतारानं गप्प बसावं आणि रंधा काढावा, हे मला अनुभवानं माहीत होतं.

मग घरं मोजताना हौसाबाईचं घर आलं. हौसाबाई पन्नाशीच्या आसपासची, एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पलीकडं तिचं एकच खाचर होतं, पण पाण्याकाठचं, सोन्यासारखं. त्याला लागून तिच्या दिराचं. दीर काही वाईट नव्हता, पण गेल्या दोन पावसाळ्यांत तिची रोपं वेळेत पलीकडं पोचली नाहीत तेव्हा त्यानंच तिच्या खाचरात आपली रोपं लावून घेतली होती. मोकळं कशाला ठेवायचं, म्हणाला. तिला त्यातलं थोडं भातही दिलं. सगळ्यांना त्यात दिराचा चांगुलपणा दिसला. हौसाबाईला मात्र दिसत होतं, की तिसऱ्या पावसाळ्यात असंच झालं तर मधला बांध राहणार नाही. कसेल त्याची जमीन, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

धोंडूबा प्रेमानंच म्हणाला, "हौसाबाय, तुझ्या बांधाला झाड न्हाई. तुला पट्टीची माफी."

पाराच्या खाली बायका बसल्या होत्या. त्यांतून हौसाबाई ताडकन उठली. "माफी गुन्हेगाराला आसती! म्या काय चोरी केलीया?"

"अगं, तुझ्या भल्याचंच सांगतोय."

"माझं भलं नगं सांगू. आत्ता काय बोल्लास? बिनफळीचा सगळ्यांच्या मागनं. म्हंजी तुमची समद्यांची लावनी हुस्तवर माझी रोपं हितं पिवळी पडायची, आन् मग माझ्या खाचरात दीर लावनार! माफी दिऊन तुमी माझं रान काढून घ्याला लागलाय, कळतंय का?"

दीर बिचारा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मी आजवर पट्टी बुडवणारे फार पाहिले, पण पट्टी मागून घ्यायला भांडणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगतो, त्या दिवसापासून मला त्या बाईचा फार आदर वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर जांभळीचा एक ओंडका घेऊन आली. पाण्याकाठी धुणं आपटायला ठेवलेला होता तो. लाकूड पोलादासारखं, पण लांबीला आखूड. फळी निघणं शक्य नव्हतं. धोंडूबा म्हणाला, "येवढ्याशा तुकड्याचं काय करायचं?" मी म्हटलं, बसायची आडवी पाटी करतो. त्यावर पुन्हा वाद. बसायची पाटी ही फळी धरायची का? अर्धी फळी म्हणजे अर्धी खेप का? भोरातली बाकड्याची सभा यापुढं पोरखेळ होती. अखेर ठरलं, की होडी पाण्यात पडल्यावर बघू. 'बघू' म्हणजे काय ते हौसाबाईला चांगलं कळत होतं. ती ओंडका माझ्यासमोर ठेवून गेली.

मी पारासमोरच्या मोकळ्या जागेत होडी उभी केली. खिळे कापूरहोळच्या लोहाराकडून करून आणले, राळ भोरच्या बाजारातून. रोज कुणी ना कुणी येऊन आपली फळी कुठं बसली ते पाहून जायचा आणि ती शेजाऱ्याच्या फळीच्या वर आहे की खाली, यावर कुरकुर करायचा. दिसायला होडी अशी झाली, की काळी, तांबडी, पिवळी, करडी, सगळ्या रंगांच्या ठिगळांची गोधडीच म्हणा. लोक कौतुकानं बघायचे. मी दुसरीकडं बघायचो.

मग परीक्षेचा दिवस आला. होडी ठोकळ्यांवर चढवली, नारळ फोडला आणि बायकांनी घागरी ओतायला सुरुवात केली. आधी एका सांध्यातून थेंब आला. मग दुसऱ्या. मग चहूकडून धारा लागल्या. आणि तिथं जी भांडणं जुंपली ती आठवली तरी मला आज एकट्याला हसू येतं. गळती दोन फळ्यांच्या मधून. तेव्हा प्रत्येक जण ओणवा होऊन आपल्या फळीवर थाप मारून सांगू लागला, "माझ्यातनं न्हाई, त्या खालच्यातनं येतंय!" आणि खालचा म्हणे, "वरनंच येतंय की, पानी काय खालनं वर चडतंय?" ऐनवाला शिवणवाल्याशी, शिवणवाला आंबेवाल्याशी. दोघे तर एकमेकांच्या मुंडाशाला हात घालायच्या बेतात आले. तोवर होडी रिकामी झाली होती.

मी धोंडूबाला म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता, माणसं नांदतात तशी लाकडं नांदतील."

तो चिखलात बसकण मारून म्हणाला, "नांदत्यात की, बघ. आमच्यावानीच नांदत्यात."

मी त्या होडीला पाण्यात सोडायला साफ नकार दिला. पाऊस तोंडावर आला होता. रोपं टाकून झालेली. धरणाचं पाणी अजून खाली होतं, पण ते कुणासाठी थांबणार नव्हतं. वाडीला मी सांगितलं, की एका जातीच्या, वाळलेल्या, सरळ फळ्या मिळाल्या तर मी रात्रंदिवस राबून वेळेत दुसरी होडी देतो. तशा फळ्या सगळ्या खोऱ्यात एकाच ठिकाणी होत्या, आणि ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाटलांनी घरावर माडी चढवायची म्हणून आपला सगळ्यांत मोठा आंबा कापून फळ्या करून सोप्यात रचून ठेवल्या होत्या. दोन उन्हाळे वाळलेल्या.

पाटलांना कुणी काही सांगायच्या आधीच ते पारावर आले. म्हणाले, "माडी काय, पुढच्या साली होईल. फळ्या घेऊन जा. मी पहिल्यापासून म्हणतोय, मी देतो."

घ्यावं तर पाटलाची होडी होणार, न घ्यावं तर लावणी बुडणार. तेव्हा बायकांतून हौसाबाईचाच आवाज आला.

"फळ्या घिऊ. पर फुकट न्हाई. पाटलाची समदी खाचरं आमी इर्जिकीनं लावून दिऊ. आदी त्यांची लावनी, मग आपली. घाम घालून घेतल्याली फळी आपली."

पाटलांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या देण्याला मोल लावता? मी काय लाकडाचा व्यापारी आहे?" त्यांना खरंच लागलं होतं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. इतक्या मोठ्या मनानं माडीवर पाणी सोडलेला माणूस, त्याला कुणी 'घेतो' असं साधं म्हणेना. मलाही त्या घटकेला हौसाबाईचा थोडा रागच आला.

पण पाटलीणबाई पाठोपाठ आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आवं, इर्जिक म्हंजी समद्या वाडीला आपल्या दारात जेवाय घालायचं. असं जेवू घाला, का मानसांनी नाव काडलं पायजे. द्यायची हौस तितं फेडा की!" हे पाटलांना एकदम पटलं. इर्जिकीत मालकानं जेवण द्यायचंच असतं, त्यात उपकार कुणाचाच कुणावर नाही. त्यांनी तिथल्या तिथं दोन बोकड बोलून टाकले.

जुनी होडी मी सोडवली. आपापली फळी प्रत्येकजण खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. कुणी तिचं गुरांच्या गव्हाणीला आडवण केलं, कुणी चुलीत घातली. मी पाटलांच्या सोप्यातच नव्या होडीला हात घातला. बाहेर पाऊस, समोर खाचरात सगळी वाडी उतरलेली. ढोल वाजत होता, बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि गाणी म्हणत होत्या.

त्या ओळीत मी हौसाबाईला पाहिलं. भात लावणं हे दिसायला सोपं असतं. रोपांची पेंढी डाव्या हातात, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सुट्या करायच्या आणि अंगठ्यानं चिखलात खोचायच्या, मागं मागं सरकत. खोल गेलं तर रोप कुजतं, वर राहिलं तर तरंगतं. हौसाबाईचा हात असा चालायचा, की तिची ओळ खाचराच्या बांधाला टेकली तरी बाकीच्या निम्म्यावर असायच्या. मग ती बांधावर न बसता उलट फिरून दुसरीची ओळ पुरी करायला लागायची. दिराच्या बायकोची तर तिनं अर्ध्यावर ओळ लावली. लाकडाच्या पट्टीत ती सगळ्यांत कमी होती. घामाच्या पट्टीत तिच्या जवळपास कुणी नव्हतं.

संध्याकाळी पाटलांच्या दारात पंगत बसली तेव्हा धोंडूबा तिच्या पानासमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हौसाबाय, तुझी पट्टी भरली. आमचीच थोडी कमी पडली." आणि मग जरा थांबून, "पैली खेप तुझी."

ती मान खाली घालून जेवत राहिली.

त्यानंतर मी त्या खोऱ्यात आणखी बऱ्याच होड्या केल्या. कुठं रस्ता झाला, कुठं पूल झाला आणि माझं हे कसब हळूहळू बिनकामाचं झालं. माझ्या धाकट्या मुलानं ते शिकून घेतलं नाही, याची हुरहुर आहे. रुखरुख दुसरीच एक आहे. हल्ली मांडवाला वर्गणी, शाळेला वर्गणी, सगळ्यालाच वर्गणी. पावती फाडली की माणूस सुटला. सावड म्हटलं तर माझा नातू विचारतो, म्हणजे काय? पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं म्हणणारा मी नाही. ती पहिली गोधडी-होडी मी विसरलेलो नाही. पण आपल्या हातचं काहीतरी त्यात आहे, म्हणून ती वस्तू आपली, हे सुख त्या लोकांना कळत होतं. माझ्या आयुष्यात मी ते पुष्कळ पाहिलं, आणि म्हणून एकंदरीत मी समाधानी माणूस आहे.

नवी होडी पाण्यात पडली तेव्हा धरण बरंच चढलं होतं. ती गळली नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण सांगणारे आता फारसे उरले नाहीत. पहिली खेप ठरल्याप्रमाणं हौसाबाईची. ती रोपांच्या पेंढ्या रचून मधोमध बसली, आणखी दोन घरांची माणसंही चढली. मी सांधे बघायला म्हणून टोकाला होतो. धोंडूबाचा मुलगा वल्हं घेऊन उभा राहिला.

तेवढ्यात पाटील उतारावरून खाली येताना दिसले. डोक्यावर छत्री, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पलीकडच्या गावात त्यांची लेक दिलेली होती आणि ती बाळंत झाल्याचा निरोप सकाळी आला होता. इतकी वर्षं पावसाळ्यात लेकीकडं जायचं तर ते घोड्यावरून दिवसभराचा वळसा घालून जायचे.

काठाशी आले आणि थांबले. होडीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. कारण ते सगळ्यांच्याच ध्यानात आलं, आणि पाटलांच्याही आलं असावं. फळ्या त्यांच्या होत्या खऱ्या, पण त्या तर वाडीनं घाम घालून घेतल्या होत्या. हिशेब पुरा झालेला. त्या होडीत पट्टी नसलेला सगळ्या गावात आता एकच माणूस होता, आणि तो छत्री घेऊन काठावर उभा होता. 'ज्याची फळी त्याची खेप' हे ज्यानं पारावर सांगितलं, तो धोंडूबाही काठावर उभा होता. त्यानं पाटलांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

पाटलांनी छत्री मिटली. ज्या माणसानं जन्मभर नुसतं दिलं होतं, त्याला मागायचं कसं ते ठाऊक नव्हतं. आवाज अगदी खाली आला. "मला... जागा होईल का?"

हौसाबाईनं पेंढ्या ओढून घेतल्या आणि आपल्या शेजारी बसायच्या पाटीवर जागा केली.

"बसा की पाटील. आपलीच होडी हाय."

ते चिखलातून पाय उचलून आत आले, तिच्या शेजारी बसले. होडी जरा डुलली. तिनं हातातली ओल्या चिखलानं माखलेली पेंढी त्यांच्या स्वच्छ धोतरावर ठेवली.

"येवढं धरा," ती म्हणाली, "घसरली का गेली वाहून."

पाटलांनी दोन्ही हातांनी पेंढी धरली, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत सोडली नाही.